चादरीवरून गेलेला आवाज

वादळात सापडलेलं एक जहाज मी नुसतं रेडिओवरून बोलून बोलून किनाऱ्याला लावलं होतं, ही गोष्ट आमच्या गल्लीला पाठ आहे. प्रत्येक वेळी सांगताना जहाज थोडं मोठं होतं, हे बायकोचं निरीक्षण. तिनेच एका सकाळी निकाल दिला. समुद्रापलीकडच्या दीपगृहात तिचा धाकटा भाऊ नोकरीला. त्याच्याकडेही असाच हौशी रेडिओ. जेवणाच्या आत त्याला माझा आवाज ऐकू गेला तर गच्चीवरचे तिन्ही खांब राहतील. नाहीतर खांब खाली आणि गच्ची तिची.

मी मिशीतल्या मिशीत हसलो, कारण नवी पेटी आली होती. तीन खांबांवर तीन अँटेना, प्रत्येकीची रेडिओलहर वेगळी. आजवर लहर बदलली की मी गुडघे धरत उठून वायर बदलायचो. ही पेटी ते आपणहून करते. रेडिओ तिच्या कानात लहर सांगतो, ती खटकन त्या लहरीची अँटेना जोडते. दोघांमधली वायर तेवढी मला सोल्डर करायची होती.

केली. पुस्तिकेतली आकृती प्लगच्या पुढून काढलेली आणि मी जोडत होतो मागून, एवढी किरकोळ बाब नजरेतून सुटली. आरशात बघून मिशी कातरावी तसं झालं. पेटीला एक म्हटलं की तिला चार ऐकू येणार. पेटीत अँटेनांच्या जागा चार, खांब तीन, म्हणून चौथ्या जागी मी गच्चीवरून आलेली एक जुनी वायर नुसती खोचून ठेवली होती, जागा रिकामी दिसू नये म्हणून.

बटण दाबलं. पेटी खटकली. मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, अगदी शेजारी बसून बोलताय की हो."

मग काय विचारता. मी त्याला खांबाची उंची सांगितली, नव्या अँटेनाचे गुण सांगितले, माझ्या हाताची सफाई सांगितली आणि ओघात जहाजही काढलं. जहाज खडकाशी आलं तोच तो म्हणाला, "दाजी, बुडलं का? आवाज खोल चाललाय."

धापा टाकत गच्चीवर गेलो. खांब ताठ उभे. बायको मात्र कावळ्याने खराब केलेल्या ओल्या चादरी पुन्हा धुवायला काढत होती. त्या होत्या माझ्या जुन्या, टाकून दिलेल्या अँटेनाच्या तारेवर. गंजत नाही म्हणून तिने मागे ती कपड्यांसाठी मागितली होती आणि मी मोठ्या मनाने दिली होती. तारेच्या टोकाला जुनी वायर तशीच खाली लोंबत होती. तीच मी पेटीच्या चौथ्या जागी खोचलेली.

खाली येऊन प्लगमधली उलटी टोकं गुपचूप सुधारली. आता पेटीने खरी, नवी, उंच अँटेना धरली. पलीकडून नुसती खरखर.

"पण जेवणाच्या आत आवाज पोचला होता," मी म्हणालो.

"पोचला ना," तारेवरून पेटीत आलेल्या वायरीकडे बघत ती हात पुसत म्हणाली. "माझ्या चादरींवरून."

खांब मीच उतरवले. उतरवताना त्यांची उंची मी सांगतो त्याच्या निम्मीच निघाली, पण ते असो. मेहुण्याशी बोलायचं असलं की हल्ली मी आधी चादरी भिजवतो, पिळतो, तारेवर टाकतो, मग रेडिओशी बसतो. जहाज रंगात आलं की तो हमखास अडवतो, "दाजी, आवाज बारीक येतोय. एखादा टॉवेल वाढवा."


मी उठतो.