बुधवारची प्रार्थना

आमच्या मंडळीत घरसभेला कुणाची प्रार्थना किती लांब चालते याची एक न बोललेली स्पर्धा असते, आणि तीत माझा नंबर कायम वरचा होता. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? दर बुधवारी संध्याकाळी चर्चमधले लोक एकेकाच्या घरी जमतात, गाणी म्हणतात, बायबलचं वचन ऐकतात, ज्याच्या त्याच्या अडचणी विचारून त्यासाठी प्रार्थना करतात आणि मग चहा पितात. पाळकसाहेब "आता संयोगिताबाई प्रार्थना करतील" म्हणाले की लोक मांडी बदलून नीट बसायचे. दहा मिनिटांच्या आत मी कधी आमेनवर आले नाही.

मी तेहतीस वर्षं नर्स होते. वॉर्डातला बरा झालेला पेशंट घरी जातो. चार वर्षांनी महाद्वार रोडवर भेटून "सिस्टर, ओळखलं का?" म्हणतो, तेव्हा आपण ओळखलेलं नसतं. बिघडलेला मात्र एकही विसरता येत नाही. त्यामुळे घरात कुणाचं डोकं दुखलं तरी मी थेट शेवटालाच पोचायचे. माझे मालक, उदयसिंह, हसायचे. "हिला शिंक ऐकू आली की ही शवपेटीचं माप घेती," म्हणायचे. ते हार्टनं गेले तेव्हा माझ्यावर आभाळ कोसळलं, पण त्या दुःखाच्या आत कुठंतरी "बघा, मी म्हणत नव्हते?" असंही वाटून गेलं. हे मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

या खोडीला मी प्रार्थनेचं ओझं म्हणत होते. आमच्यात ते मानाचं समजतात. फलाण्या बाईला लोकांसाठी फार ओझं आहे म्हटलं की ती बाई मोठी. मग मला कोण बोलणार?

ऋतुराज माझा एकुलता एक. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला त्याचे चार विषय राहिले आणि त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. सात आठवडे. अंघोळ नाही, बोलणं नाही, भिंतीकडं तोंड करून पडलेला. डॉक्टर झाले, आठ महिने गोळ्या झाल्या, आणि पोरगं उठलं. कॉलेज बदललं, दुधाच्या तपासणीचं शिक्षण घेतलं, वारणानगरला डेअरीच्या लॅबमध्ये नोकरीला लागलं. रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन करायचा. त्या खोलीतून उठल्यापासून आठ वर्षं त्याला साधी उदासी म्हणून आली नाही. पण रविवारी तो जरा उशिरापर्यंत झोपला की मी दाराला कान लावून उभी राहायचे. तो आतून ओरडायचा, "आई, जिवंत हाय मी!"

मग तेजस्वीचं स्थळ आलं. गारगोटीला शाळेत शिकवणारी मुलगी, घरचेही चर्चला जाणारे. तिची सख्खी मावशी निशिगंधा आमच्याच मंडळीतली, तिनंच जमवलं. त्या सात आठवड्यांचं त्यांना सांगायचं की नाही, हे मी ऋतुराजला विचारलं होतं. "ते माझ्यावर सोड," तो म्हणाला. म्हणजे हा लपवणार, असं मी धरून चालले.

आमच्याकडं लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. कुणाची काही हरकत असेल तर कळवा, असं पाळकसाहेब विचारतात. पहिल्या रविवारी नावं वाचली. दुसऱ्या रविवारी वाचली. मी पुढच्या बाकावर नवी साडी नेसून बसले होते, पण माझं लक्ष पोराच्या तोंडाकडं. ते उतरलेलं. आठ दिवस तो भाताला शिवला नव्हता, अर्धी चपाती मोडायचा आणि उठायचा. तेव्हाही असंच सुरू झालं होतं! लग्न होणार, हा परत खोलीत जाऊन पडणार, ती मुलगी माहेरी निघून जाणार, आणि दोन्ही घरं मला विचारणार. सुटाचं माप देऊन आल्यावर शिंपी पोटावरून काहीतरी बोलला म्हणून त्यानं भात सोडला होता. हे मला नंतर कळलं.

त्या बुधवारी घरसभा आमच्याकडं होती. ऋतुराज अजून कामावरून यायचा होता. खोलीत चौदा माणसं, निशिगंधा फ्रिजला टेकून बसलेली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या आणि मी उठले. डोळे मिटले. एवढंच म्हणणार होते की लग्न नीट पार पडू दे. पण मला कधी एवढंच म्हणता आलंय?

"प्रभू, तुला सगळं ठाऊक हाय. माझ्या लेकराचं डोकं परत फिरू देऊ नको. तेव्हा सात आठवडे तो माणसांत नव्हता, ते दिवस परत दाखवू नको. त्या गोळ्या परत लागू देऊ नको. त्या पोरीच्या नशिबात ते येऊ देऊ नको..."

माझ्या प्रत्येक वाक्याला मागून "आमेन" येत होतं. गोळ्यांपाशी ते थांबलं. थांबलेलं मला ऐकू आलं. तरी मी बोलत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला वाटत होतं, आज खरी मनापासून प्रार्थना होतीय. चहाच्या वेळी निशिगंधानं कप अर्धाच ठेवला आणि चप्पल घातली.

शुक्रवारी गारगोटीहून फोन आला. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब महिला मंडळाची सूचना वाचून सरळ दानार्पणाच्या गीतावर गेले. मध्ये जी दोन नावं यायची होती ती आली नाहीत, आणि आख्ख्या चर्चनं माझ्याकडं न बघण्याची काळजी घेतली.

ऋतुराज ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी तिला सांगितलतं, आई," तो म्हणाला. "पहिल्याच भेटीत. रंकाळ्यावर बसून सगळं सांगितलतं. गोळ्यांची नावंसुद्धा."

"मग तिला आता काय अडचण?"

"तिला न्हाय. तिच्या वडलांना हाय. घरातली गोष्ट चौदा माणसांत निघाली, आता भावकीत काय तोंड दाखवू म्हणत्यात."

पुढच्या आठवड्यात त्यानं वारणानगरला कॉलनीत खोली घेतली. मला वाटलं, झालं, आता हा पडणार. मी रोज फोन करून झोप लागती का विचारायचे. तो "लागती" म्हणायचा आणि ठेवायचा. तो पडला नाही. कामावर जात होता, जेवत होता, शनिवारी क्रिकेट खेळत होता. त्याचा आनंद व्हायचा सोडून मी त्याच्या पडण्याची वाट बघत राहिले. आई असून. चारचौघांत मात्र मी ठासून सांगायचे की मी खरं तेच बोलले, देवानंच दोन्ही घरं वाचवली.

असं दीड वर्ष गेलं. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी तो आला आणि बूट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसला.

"शनिवारी आमचं लग्न झालं," तो म्हणाला. "गारगोटीला. तेजस्वीनं वडलांना तयार केलं."

मला आधी समजलंच नाही. मग विचारलं, "आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू प्रार्थना केली असतीस."

टोमणा नव्हता तो. खरंच तसंच झालं असतं म्हणून तो सांगत होता. पाणी प्यायला आणि गेला. गारगोटीच्या चर्चमध्ये तीन रविवार माझ्या मुलाचं नाव वाचलं गेलं, आणि तेच तीन रविवार मी इथं कोल्हापुरात मोठ्या आवाजात गाणी म्हणत होते.

चार दिवस माझ्या तोंडून प्रार्थना निघाली नाही. पाचव्या दिवशी मी चिमणाबाईंकडं गेले. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी गावोगाव चालत जाऊन बायकांना वचन सांगायच्या. आमच्या घरसभेतली सगळ्यात लहान प्रार्थना त्यांची असते, आणि खरं सांगायचं तर मी त्यावरून त्यांना मनातून कमी लेखायचे. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं आणि रडले. त्या निवडत राहिल्या.

"त्या बुधवारी देवाला काय दिलंस?" त्यांनी विचारलं.

"काळजी दिली. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"दिलीस कुठं? दाखवलीस. आन् परत उचलून घरात आणलीस. म्होरल्या बुधवारी पुन्ना तीच. देव काय सायब हाय व्हय, दर आठवड्याला रजिस्टर दाखवाया?"

"मग भीती वाटती त्याचं करू काय?"

"वाटू दे की. मलाबी वाटती. एकदा त्येला सांग, मनातल्या मनात, आन् सोड. तोंडानं फकस्त आभार मान, जे झालंय त्येचं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तू वाईटच हुणार म्हणून धरून बसतीस. म्हंजी तुजा इस्वास वाइटावर हाय, पोरी. लई घट्ट हाय. देवावर कुठं हाय?"

मला राग आला. इतकी वर्षं मंडळीत प्रार्थना करणाऱ्या बाईला विश्वास नाही म्हणायचं? चहा न घेता उठले. तावातावानं घरापर्यंत आले, कुलूप काढलं, आणि पलंगावर बसल्यावर मला कळलं की म्हातारी खरं बोलली. उदयसिंह गेले तेव्हा "मी म्हणत नव्हते?" असं जे वाटलं होतं, ते विश्वास खरा ठरल्याचंच समाधान होतं.

त्या संध्याकाळी आभार मानायला बसले तर सापडेना. जे व्हायला नको ते मला शंभर प्रकारांनी मागता यायचं. जे झालंय ते बघायची सवयच नव्हती. शेवटी म्हटलं, प्रभू, आज दूध नासलं नाही, आभार. मला माझंच हसू आलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त सापडलं. पंधरा दिवसांनी एकदा अचानक तोंडातून आलं, "माझा ऋतुराज त्या खोलीतून बाहेर आला, त्याबद्दल आभार." दहा वर्षं झाली होती त्याला बाहेर येऊन. दहा वर्षांत मी त्याबद्दल एकदाही आभार मानले नव्हते. त्या दिवशी मी जेवले नाही.

लगेच सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. अजूनही ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की मी आपली माणसं मोजते. पण मोजून झालं की ती देवाच्या हातात देते आणि भाजी चिरायला घेते. पूर्वी भाजी करपायची. एका बुधवारी मी घरसभेत उभी राहून सांगितलं की मी लेकराचं गुपित प्रार्थनेच्या नावाखाली चारचौघांत उघडं केलं, आणि ते पाप होतं. निशिगंधा खाली बघत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात तेजस्वीचा फोन आला. "आई, एकदा या की घरी." त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. रविवारी उपासना झाल्यावर मी एसटीनं वारणानगरला गेले. तिनं दार उघडलं आणि मला दिसलं की ती सात महिन्यांची पोटुशी आहे. मग तिचे पाय दिसले. घोट्यांना सूज. तेहतीस वर्षांत अशा सुजेच्या मागून जे जे आलेलं मी बघितलं होतं, ते सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"परवाच दाखवलं. बीपी नॉर्मल हाय म्हणाले. पाय वर ठेवून बसायला सांगितलंय."

"मग ठेव बाई, ठेव," म्हटलं आणि थांबले. ऋतुराज माझ्याकडं बघत होता. पुढं काय येतंय याची वाट बघत होता. जेवायला बसलो तेव्हा मी फक्त कालवण चांगलं झालंय म्हटलं.

जेवण झाल्यावर तेजस्वी म्हणाली, "आई, बाळासाठी प्रार्थना करा की."

ऋतुराज उठला. ताटं गोळा करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. मी डोळे मिटले. सूज, रक्तदाब, सिझेरियन, आणि त्याहून वाईट, जे मी लिहिणारही नाही, ते सगळं रांगेनं आलं. मी ते मनातल्या मनात एकदा सांगितलं. सांगून सोडलं. मग तोंड उघडलं.

"प्रभू, ही तिघं तू दिलीस. तुझे आभार. ती तुझीच हायत, तू सांभाळ. आमेन."

तेजस्वीनं आमेन म्हटलं. अजून पुढचं येईल असं ऋतुराजला वाटलं, तो तसाच थांबला होता. मग मागं वळला.

"झाली?"

"झाली."

ताटं त्याच्या हातात तशीच होती. डोळे भरलेले.

"आमच्या लग्नात हीच पाहिजे हुती, आई," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?