चाकावर फोडलेला नारळ

मी ट्रेलर बोलतोय. मोटारीमागे बांधून न्यायचा, आत एक गादी, मागचं दार उचललं की स्वयंपाकाचा ओटा, एवढाच माझा संसार. माझ्या आकाराला साहेब लोक अश्रूचा थेंब म्हणतात. प्रत्यक्षात मी आडव्या पडलेल्या मोदकासारखा दिसतो.

पहिले मालक एक हौशी कुवेती गृहस्थ. एक हिवाळा त्यांनी मला वाळवंटात मिरवलं, मग त्यांना माझ्याहून मोठा ट्रेलर आवडला. दुसरे मालक कुवेतमधल्याच हवल्ली भागातले प्रसन्न दाते. बँकेतले संगणक सांभाळणारा हा माणूस घरात खिळा ठोकायलाही दुसऱ्याला बोलावतो. पण यूट्यूब पाहून तो प्रवासी झाला होता.

त्यांची पत्नी उल्का अतिदक्षता विभागात नर्स. पाळ्या बदलून बदलून तिची झोप पार उडाली होती. दिवसा घरी डोळा लागावा तर वरच्या मजल्यावर फर्निचर सरकायचं. मला पाहून तिने एकच विचारलं, "यात झोप येईल?"

"अगं, वाळवंटात काय शांतता असते!" प्रसन्न म्हणाले. ते तिथे कधी राहिले नव्हते, म्हणून खात्रीने बोलले.

मग माझी पूजा झाली. हळदकुंकू, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. नारळ फरशीवर फोडला तर इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, ओरडेल, म्हणून प्रसन्नांनी तो माझ्या डाव्या चाकावर, नेमका मधोमध आपटला. तिथे बेअरिंगचं ग्रीस राखणारं पत्र्याचं टोपण असतं. ते चेपलं आणि सैल झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोबरं वाटलं गेलं.

पहिल्याच सहलीत टोपण गळून पडलं, आत वाळू गेली. मीना अब्दुल्ला नावाच्या गावाजवळ चाक किंचाळू लागलं.

"बाबा, समथिंग इज स्क्रीमिंग," त्यांची मुलगी अंतरा म्हणाली. बाबांनी गाण्यांचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने चाक अडकलं, तेव्हा गाणी बंद केली.

गॅरेजमध्ये नवं बेअरिंग बसलं. कारण कुणी विचारलंच नाही. घरी निष्कर्ष निघाला की मला नजर लागली. त्यावर उपाय म्हणून आणखी मोठा नारळ आला. डावं चाक आत्ताच दुरुस्त झालंय, त्याला धक्का नको, म्हणून या वेळी उजव्यावर. केवढी ही काळजी!

"आता बंद पडला तर विकायचा," उल्काने बजावलं. "माझी सुट्टी मी रस्त्याच्या कडेला काढणार नाही."

पुढच्या शुक्रवारी ती रात्रपाळी करून थेट गाडीत बसली. वफ्रा गावाच्या अलीकडे, खजुराच्या बागेच्या कुंपणापाशी, उजवं चाक गेलं. प्रसन्नांनी बॅग उपसून डोक्याला लावायचं खोबरेल काढलं आणि बेअरिंगवर ओतलं. नारळाने केलेला घाव खोबरेलाने भरायचा, असा त्यांचा विचार असावा. अंतराने तिथेच माझे फोटो काढून विक्रीची जाहिरात टाकली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. मी या घराला नुसता त्रासच दिला होता.

क्रेन आली. ड्रायव्हर म्हणाला, "भाईसाब, उठाऊँ?"

उल्काला बोलवायला प्रसन्नांनी माझं दार उघडलं. उन्हातून आत येऊन बसलेली ती पर्स उशाला घेऊन गाढ झोपली होती. चक्क घोरत होती.

"रुको," प्रसन्न हळूच म्हणाले. माझ्या ओट्यावर चहा झाला, ड्रायव्हरलाही दिला. ऊन कलेपर्यंत कुणी मोठ्याने बोललं नाही.

डोळे चोळत ती बाहेर आली. "पोचलो वफ्राला?"

"नाही गं. अजून इथेच आहोत."

"मॉम, समवन वॉन्ट्स टु बाय इट," अंतरा म्हणाली.

"विकला गेला म्हणून कळव."

"टु हूम?"

"मला."

आता मी त्यांच्या इमारतीच्या तळघरात आहे. प्रसन्नांनी माझी दोन्ही चाकं काढून मला विटांवर बसवलं. त्यांनी केलेली ही एकमेव दुरुस्ती, आणि तीच टिकली. रस्त्याची आठवण येते. मी काही विटांवर बसायला जन्मलो नव्हतो. पण पाळी संपली की उल्का वर न जाता आधी माझ्याकडे येते, चपला बाहेर काढते आणि पडल्या पडल्या झोपते. वाळवंटातली शांतता तिला पार्किंगमध्ये मिळाली.

तुम्ही इथे गाडी लावणार असाल तर एवढंच करा, दार हळू लावा. सिस्टर झोपल्यात.