सावलीतली ओळ

पान छापायला पाठवून तिने खुर्ची मागे ढकलली, आणि मग तिची नजर पडद्यावरच्या अकराव्या ओळीवर गेली. काचेपलीकडे, दादाच्या टेबलाशेजारी, प्रिंटर गुरगुरायला लागलाही होता.

छापखाना दोघा भावंडांचा. प्रुफं आणि मशीन दादाकडे, शोभेची अक्षरं तिच्याकडे. पोस्टस्क्रिप्ट ही पान रेखाटायची भाषा ती कोळून प्यायली होती. अक्षर पोकळ करा, तिरकं करा, त्याच्या पायाशी सावली पाडा, सगळं आज्ञा लिहून. सावली म्हणजे तरी काय, तोच मजकूर आधी जरा खाली, तिरका, फिकट करड्या रंगात रंगवायचा आणि मग वर ठसठशीत काळा. म्हणजे मजकूर दोनदा लिहावा लागतो. जुळवाजुळव करताना ती दोन्हीकडे नमुना म्हणून मनात येईल ते लिहायची. आज वरची ओळ तिने बदलून ‘बालचित्र प्रदर्शन’ केली होती. सावलीतली तशीच राहिली.

तिथे होतं, ‘दादा, मी एक तारखेपासून येणार नाही.’

पंधरा दिवस ती हे वाक्य तोंडात घोळवत होती. दुसऱ्या गावातल्या मोठ्या छापखान्याने तिला बोलावलं होतं आणि हो की नाही ते आज कळवायचं होतं. पण आई गेल्यावर वेण्या घालायला शिकलेल्या या भावासमोर उभं राहिलं की तिची दातखीळ बसायची.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. पेनाचं टोपण काढून तिने चार वेळा लावलं. दादाने कागद खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. वाचतोय. एकदाची सुटका, असं तिला वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली.

तो दार ढकलून आत आला.

“झकास जमलंय. चढवतो मशीनवर.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. थट्टा करताना त्याची डावी भुवई उडायची. आज भुवई जागची हलली नव्हती.

“सावली बघितलीस?”

“बघितली की. मऊ पडलीये.”

“त्यात चूक आहे, दादा.”

“कुठे?” म्हणत त्याने बोट ठेवलं ते कोऱ्या कागदावर, सावलीच्या चांगलं दोन बोटं खाली.

हा माणूस चालत्या मशीनवर सुटलेला अनुस्वार धरायचा. गेले कित्येक महिने मात्र प्रुफं तिच्यापुढे टाकून म्हणायचा, तूच वाच, माझं डोकं चालत नाहीये. आळशी झालास म्हणून तिने त्याला दोनदा फैलावर घेतलं होतं.

“चष्मा बदल ना.”

“दोनदा बदलला.” तो स्टुलावर टेकला. “काळं दिसतं गं. फिकटाचा पत्ता लागत नाही. सांगणारच होतो, पण तू आहेस म्हणून निभत होतं.”

तिने कागद उचलला. फाडून दुसरा काढायला दोन मिनिटं पुरली असती. कुणाला काही कळलं नसतं.

“वाच की,” दादा म्हणाला. “काय चुकलंय?”

तिने वाचलं. एक शब्द गाळला नाही की घातला नाही.

मग त्या मोठ्या छापखान्याचं बोलावणं आणि आज कळवायचंय हेही सांगून टाकलं. बाहेर प्रिंटर थंड होत टकटकत होता.

“त्यांना हो म्हणालीस?”

“अजून नाही. आता कशी म्हणू? तुझे डोळे...”

“फोन लाव.”

“दादा, तू आधी—”

“आत्ता, माझ्यासमोर लाव,” तो म्हणाला. “उद्या माझ्याच्याने तुला जा म्हणवणार नाही.”