पायाखालचं बटण

“विचार वो बकरे, पाय ठेवला का म्हणा त्याइनं!”

बकरी कुंपणाचा पाला ओरबाडत होती. तिला या प्रकरणात काडीचा रस नव्हता. संडासाच्या आत बुधरामने मात्र ते ऐकलं आणि तो आणखीच भिंतीला चिकटला.

बकरीला विचारणारी नंदिनी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, टिकारामची बायको. बुधराम तिचा भासरा. भासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, हे दिघोरीत कोणी कोणाला शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं. लग्न होऊन आल्यापासून नंदिनी बुधरामशी जे काही बोलली ते जाऊ मंदाबाईच्या मार्फत. मंदाबाई जवळपास नसली तर भिंत, खुंटी, कोंबडी, जे समोर सापडेल त्याच्या मार्फत. बुधरामही तसाच. ‘कोंबडे, चहा थंडा झाला’ असं तो म्हणायचा, आणि कोंबडी सोडून बाकी सगळ्यांना ते कळायचं.

आज मात्र कोंबडीचा उपयोग नव्हता. त्याच्या समोर, फरशीवर, एक लाकडी पाटी होती. पाटीखाली बटण. त्यावर पाय दाबला की भिंतीवरची बॅटरी मोटर चालवणार, बादलीतलं पाणी नळीने भांड्याच्या मागच्या बाजूला जाणार आणि खालून वर जोरात उडणार. हात लावायची गरजच नाही. बुधरामला हात नव्हतेच. डावा मनगटाच्या वर संपला होता आणि उजवा कोपराच्या थोडा खाली.

“मंदा!” शेवटी त्याने नेहमीसारखी हाक मारली.

मंदाबाई आली. एक हात ओटीपोटावर, एक भिंतीवर. आत गेली, त्याला धुऊन दिलं, लुंगी सारखी केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

“राहू दे वो नंदिनी,” ती दम घेत म्हणाली. “तू एवढी मेहनत केली, पण त्याइले नाही जमत. माणूस लाजते.”

“लाजाले काय झालं? अंदर कोण पाहून राहिलं?”

नंदिनीला राग आला होता, आणि तो खरा होता. टिकारामने धानावर फवारायला बॅटरीचा नवा पंप आणला होता. त्यात औषधाचा एक थेंब पडायच्या आत तो मजुरीला तेलंगणात गेला. पंप कोपऱ्यात बसून राहिला. नंदिनी शिवणकाम करायची, तिची मशीन पायाने चालायची. एक दिवस ब्लाउज शिवता शिवता तिच्या मनात आलं, मशीन पायानं चालते तं पाणी काहून नाही चालणार? मग लाखांदूरच्या बाजारातून दारावरच्या घंटीचं बटण आलं, जुन्या खिडकीची बिजागरी निघाली, नळीला भोक पडून दोनदा तिच्याच तोंडावर पाणी उडालं. एवढंच नाही, ओलं अंग टेकवून कोरडं करायला तिने भिंतीवर जुन्या टॉवेलची गादीही ठोकली. नवऱ्यानं आणलेल्या पंपाचं असं नशीब पाहून शेजारची बेबीबाई पोट धरून हसली होती.

पण बुधराम लाजत नव्हता. तो भीत होता.

तीन वर्षांपूर्वी तलावाच्या पाळीवरून तो ओलं जाळं बांबूला लटकवून घरी येत होता. ढिवराच्या पोराने हजार वेळा चालली असेल अशी ती वाट. वरची विजेची तार कधीपासून खाली लोंबली होती. बांबू लागला. लोक विचारायचे, काय वाटलं रे तेव्हा, आवाज झाला का, उजेड पडला का? त्याला ना आवाज आठवत होता ना उजेड. आठवत होतं ते एवढंच, की बांबू सोडायचा होता आणि हात ऐकत नव्हते. आपलेच हात, आपण सांगतोय सोडा, आणि ते आणखी घट्ट धरून बसले.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? बाप्या माणूस, तोंड वर करून मोटरसायकलच्या बॅटरीएवढ्या डब्याला भितो म्हणायचं? पण तेव्हापासून तो पंख्याखाली बसत नसे. विजेच्या बोर्डाजवळून जाताना अंग चोरून जाई. आणि आता ओल्या फरशीवर, ओल्या पायाने, त्याने बटण दाबायचं होतं. पाय ऐकला नाही तर? पाटीला चिकटून बसला तर? हात गेले, आता पाय गेले तर मंदाने काय गाठोडं सांभाळायचं?

आणि मंदा नसली तर?

मंदाबाईच्या गर्भपिशवीत गाठ होती. भंडाऱ्याला तपासणी झाली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका. मंदाबाई हो म्हणून आली आणि उशीर करत बसली. रोवणी होऊ द्या. पोळा होऊ द्या. आता दिवाळीही होऊन गेली होती, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि नवीन कारण सापडत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती त्याला भात भरवत होती. त्याने दोन घासांनंतर तोंड फिरवलं.

“अजी, खा ना. काहून असे करता?”

“भूक नाही.”

भूक होती. पण पोटात कमी गेलं की सकाळी मंदाला कमी उठावं लागे. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघेही त्यावर बोलत नव्हते.

“मंगळवारची तारीख देली डॉक्टरनं,” बुधराम म्हणाला. “टिकाराम सरळ नागपूरलेच येऊन राहिला. जा तू.”

“मी तेथी, मंग घरी येऊन महिनाभर बिछान्यात. तुमचं कोण करन? नंदिनी करन?”

पोरगी रुपा तिच्या सासरी, आणि असती तरी पोरीने बापाचं करायचं? शेजारचा पिंटू एक दिवस करेल, दोन दिवस करेल. तिसऱ्या दिवशी तो वाट बदलून जाईल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

“तुमी स्वतः करान तवाच मी जाईन,” मंदाबाईने ताट उचललं. “नाही तं नाही.”

रविवारी दुपारी ती विहिरीजवळ बसली ती उठेना. लुगडं रक्ताने भिजलं होतं. नंदिनीने तिला धरून आत आणलं, पाय उंच करून निजवलं. मंदाबाईचा चेहरा धुतलेल्या तांदळासारखा पांढरा पडला होता. बुधराम उंबऱ्याशी उभा राहून नुसता पाहत होता. तिच्या कपाळावरचा घाम पुसायलाही त्याला पुढे होता येत नव्हतं. ही आपल्यामुळे मरणार, हे त्याला त्या वेळी अगदी सरळ दिसलं.

भीतीने त्याच्या पोटात कळ आली. तो संडासात गेला. बसला. आणि मग नेहमीची वेळ आली. पाटी समोर होती, सगळीकडे पाणी सांडलेलं. त्याने पाय उचलला. त्याने तो खाली ठेवला, पाटीच्या अलीकडे. पुन्हा उचलला. नाही.

हाक मारायची नाही असं त्याने ठरवलं होतं. पण आत मंदाबाईला सवयीनेच कळलं. ती उठू लागली.

“बाई, पडून राहा,” नंदिनी म्हणाली.

“ते बसले असतीन ना वो...”

“बसू द्या.”

मंदाबाईने भिंतीला हात लावला. नंदिनीने तो हात काढून बाजेवर ठेवला आणि ती तरातरा अंगणात आली. बकरी बाहेर चरायला गेली होती. कोंबड्याही नव्हत्या. ती संडासाच्या दारासमोर उभी राहिली.

आतून बुधरामचा आवाज आला. तो कोणाच्याही मार्फत आला नाही.

“नंदिनी, मले करंट लागन.”

तेव्हा नंदिनीला कळलं की लाज वगैरे काही नव्हतं, इतके दिवस हा माणूस आत उभा राहून मरणाला भीत होता, आणि आपण बाहेर बकरीशी थट्टा करत होतो. तिला स्वतःचाच राग आला.

“लुंगी सारखी करा,” ती म्हणाली. सरळ त्यालाच म्हणाली. “मी अंदर येऊन राहिली.”

“नोको!”

“सारखी करा म्हणते ना मी!”

कमरेला इलॅस्टिक लावलेली लुंगी त्याने कोपरांनी खाली ओढली आणि उठून भिंतीकडे सरकला. नंदिनी पदर नाकापर्यंत ओढून आत आली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. चप्पल तिने बाहेरच काढली होती. बादलीतलं पाणी तिने मगाने घेतलं आणि पाटीवर ओतलं. आणखी एक मग ओतला. पाटी, फरशी, तिचे पाय, सगळं पाण्यात निथळत होतं. मग तिने आपला उघडा पाय पाटीवर ठेवून दाबला.

मोटर घरघरली. पाण्याची धार उडून समोरच्या भिंतीवर आदळली. बुधरामच्या तोंडून ओरडा निघाला. त्याला वाटलं, आता हिचा पाय सुटणार नाही. टिकारामला काय तोंड दाखवू? तो तिच्या पायाकडे पाहत राहिला. भेगा पडलेली टाच, बोटात जोडवी.

पाय उचलला गेला. धार थांबली.

“सुटला,” नंदिनी म्हणाली. तिने पुन्हा पाय ठेवला, पुन्हा काढला. “हे पाहा. सुटला. हा तारेवरला करंट नाही. ह्या डब्यात तेवढी ताकद नाही.”

मग ती बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

बराच वेळ काही झालं नाही. नंदिनी अंगणात उभी होती. घरात मंदाबाई छताकडे पाहत कान देऊन पडली होती. आत बुधराम रडत होता, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. कारण त्याच वेळी मोटर सुरू झाली, थोडी चालली आणि थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

सोमवारी सकाळी ऑटो दारात आली. साकोलीहून नागपूरची बस धरायची होती, बेबीबाई सोबत जाणार होती. मंदाबाई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता.

“आता मले काही भेव नाही,” ती म्हणाली. “मी राहिली का नाही राहिली, तुमचं अडत नाही.”

ती हसून म्हणाली. पाय पाटीवर ठेवताना भ्याला नव्हता इतका बुधराम आता भ्याला. ही इतके दिवस आपल्यासाठी थांबली होती. आता थांबायला काही उरलं नव्हतं, आणि ते आपणच काढून घेतलं होतं. त्याला वाटलं, सांगावं की जमत नाही, मोटर बिघडली, थांब. पण तो म्हणाला, “मोठं संकट टळलं म्हण. जा आता, उन्ह होईन.”

“एक डाव चालवून दाखवा ना. मले ऐकू द्या अन् मंग जातो.”

तो आत गेला. पाटीवर पाय ठेवला. मोटर घरघरू लागली. त्याने पाय उचलला नाही. आवाज थांबला की ती निघणार, हे त्याला माहीत होतं. धार उडत राहिली, बादली रिकामी होत गेली, शेवटी नळीतून नुसती हवा फुरफुरली. तरी त्याने पाय दाबूनच धरला. मग मोटर आपोआप मंदावू लागली, तेव्हा कुठे त्याने पाय काढला.

तो बाहेर आला. पायरी रिकामी होती. मोटरच्या आवाजातच ऑटो निघून गेली होती, मंदाबाईला तसंच जायचं होतं. बुधराम वाटेकडे चालत गेला. सारवलेल्या अंगणात त्याच्या ओल्या पायांचे ठसे फाटकापर्यंत उमटले आणि उन्हात वाळू लागले.