पेंटियम, फोर-एटी-सिक्स आणि यावलची शेवटची गाडी

कॉम्प्युटर विकणाऱ्या मगन चौधरींनी खोक्यातलं थर्माकोल बाजूला केलं, तेव्हा मी टाचा उंच करून बघत होते. ज्याचा फोटो मासिकात बघता बघता मी माझ्या लेकीचं, तेजलचं दूध उतू जाऊ दिलं होतं, तो पेंटियम प्रोसेसर आज जळगावात, आमच्या केळी उत्पादक संघाच्या ऑफिसात!

"एका ठोक्यात दोन कामं करतो, ताई," मगनभाऊ म्हणाले. "आणि अपूर्णांकांचे हिशेब? विचारूच नका."

शेजारच्या टेबलावर धुळ्याहून आलेले नासीरभाई त्यांचं मशीन जोडत होते. त्यात फोर-एटी-सिक्स, मागच्या पिढीचा, पण त्या पिढीतला तेज.

"आमचा बैल जुना आहे," ते हसत म्हणाले, "पण गाडा मोठा दिलाय. मेमरी दुप्पट. डिस्क भारीतली. पैसे तुम्ही दोघांनाही सारखेच देणार ना? मग बघा कोणाचे कुठे लागलेत ते."

बघायचं काम माझं होतं. संघात कॉम्प्युटर मीच सांभाळते. पाच खिडक्यांवर पाच टर्मिनल आहेत. त्यांना स्वतःचा मेंदू नाही. पाचही टर्मिनल आतल्या खोलीतल्या एकाच सर्व्हरच्या डोक्यानं चालतात. आणि तो जुना सर्व्हर संध्याकाळी बसकण मारतो. दिवसभर कापणी चालते, ट्रक भरतात, आणि मग यावलकडचे, नशिराबादचे शेतकरी वजनाच्या चिठ्ठ्या घेऊन सगळे एकदम खिडक्यांवर येतात. बिल हातात पडल्याशिवाय आमच्याकडे कोणी घरी जात नाही. उद्या या म्हटलं तर तो अपमान समजतात. यावलची शेवटची एसटी निघायच्या आत बिलं झाली तर ठीक. नाहीतर ते ओट्यावर बसतात आणि मी आत.

मी घरी पोचते तेव्हा तेजल झोपलेली असते. रोज. परवा सुट्टीच्या दिवशी मी तिला उचलायला गेले, तर तिनं सासूबाईंच्या पदरात तोंड लपवलं.

"पोरगी माय वळखेना," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नवं मशीन येवानं शे म्हनतीस ना? येऊ दे. त्यानं बी असंच चालनं तर नोकरी सोड, माय. मी काही वाईट सांगी नही राहिनू."

त्या वाईट सांगत नव्हत्याच. म्हणून हे मशीन नुसतं मशीन नव्हतं. ते चुकलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि तीही मीच लिहिलेल्या अहवालानं.

दुपारी चाचणी झाली. पूर्ण हंगामाच्या सरासरी भावाचा हिशेब दोन्ही मशीनवर एकदम लावला. चहा यायच्या आत पेंटियमनं आकडे पडद्यावर टाकले. आमचा चहा पिऊन झाला तरी फोर-एटी-सिक्सचं सुरूच. माझ्या अंगावर काटा आला! कॉलेजात असताना एवढ्या हिशेबाला आम्ही रात्रभर छपाईची वाट बघायचो.

चेअरमन तोताराम नाना तर खुर्चीतून उठलेच. "झालं! तापीच्या दोन्ही काठांवर असं मशीन कोनाकडे नाही. तू लिही अहवाल, पोरी. आखाजीचा सण झाला की मंडळाची सही."

नासीरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि वायर गुंडाळायला घेतली.

मी पेन उघडलं होतं. खरं सांगायचं तर पेंटियम मलाही हवा होता. नानांपेक्षा जास्त. तरी एक वाक्य लिहून मी पेन मिटलं. कसली तरी रुखरुख होती, पण नाव सांगता येईना.

"मगनभाऊ, नासीरभाई, दोन्ही मशीनं आखाजी होईपर्यंत इथेच राहू द्या," एवढंच मी म्हणाले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद प्रमिलाताई साक्रीहून माहेरी आल्या. अंगणातल्या निंबाला झोका बांधला आणि मागच्या दारी चुलीवर मातीचं खापर चढलं. मांडे, त्या खापरावरच्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, करण्यात प्रमिलाताईंचा हात कोणी धरू शकत नाही. पुरण भरलेला गोळा हातावर घेतला की मनगटावरून कोपरापर्यंत तो असा पसरत जातो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मी पिठाचे गोळे करून देत होते आणि एक डोळा झोक्यावरच्या तेजलवर होता.

"अक्का, लवकर उतार वं!" प्रमिलाताई आपल्या आईवर ओरडल्या. दोन्ही हातांवर मांडा लोंबत होता आणि खापरावर आधीचा अजून भाजत होता.

"कच्चा उतारू का?" सासूबाई म्हणाल्या. "तुले घाई शे, खापरले नही."

"मग हाऊ मांडा ठेवू कोठे? डोक्यावर?"

सगळ्या हसल्या. मांडा खाली ठेवता येत नाही, घडी घालता येत नाही. जिल्ह्यातला सगळ्यात तेज हात, आणि बाई हात पसरून उभी! शेवटी मांडा मधोमध फाटला.

माझ्या हातातला गोळा तसाच राहिला. चाचणीच्या दुपारी आपण काय केलं? एकच हिशेब दिला. एकच मांडा, मोकळं खापर! संध्याकाळी पाच खिडक्या एकदम मागतील तेव्हा? प्रत्येक बिलाला शेतकऱ्याची नोंद डिस्कवरून आणायची, नवी लिहायची. मेमरी पुरली नाही तर हातातलं काम डिस्कवर ठेवायचं, परत उचलायचं. डिस्कचं खापर मोकळं होईपर्यंत प्रोसेसर कितीही तेज असो, हात पसरून उभाच!

"काय झालं वहिनी? उन्ह लागनं का?"

"नाही ताई," मी म्हणाले, "तुमचा मांडा फाटला ते फार बरं झालं!"

त्यांनी फाटका मांडा माझ्याच पुढ्यात टाकला.

सण झाल्यावर मी नानांना गाठलं. "दुपारी नको, नाना. संध्याकाळच्या गर्दीत बघू. एक दिवस हे, एक दिवस ते."

"चेअरमननं ठरवलेलं तू मोडतेस का?"

"मोडत नाही. पण बिलं दुपारी कोण मागतं, नाना?"

नाना खुर्चीत मागे टेकले. "चुकलीस तर तुझ्यावर," म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी पेंटियम. सुरुवातीची बिलं सरसर निघाली. मगनभाऊ माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. मग गर्दी आली. पाचही खिडक्या भरल्या. डब्यावरचा डिस्कचा लाल दिवा आधी लुकलुकला आणि मग विझेचना. पडद्यावरची अक्षरं एकेक करून, उपकार केल्यासारखी उमटू लागली. यावलकडचे भिकन आबा खिडकीत डोकं घालून म्हणाले, "नवं मशीन बी आमनी यष्टी चुकाडी का वं, माय?"

एसटी चुकली. तेजल झोपलेली होती. सासूबाईंनी ताट वाढलं. त्यांचं 'नोकरी सोड' रात्रभर माझ्या कानात घुमत होतं. फोर-एटी-सिक्सही अडकला तर? मग म्हणायला काहीच उरणार नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी पदरानं हात पुसत मी लाल दिव्यासमोरच उभी राहिले. गर्दी आली. दिवा लुकलुकला... आणि लुकलुकतच राहिला! विझतोय, पेटतोय, विझतोय. पाचही प्रिंटर एका सुरात करकरत होते. एकेक बिल पेंटियमच्या पहिल्या बिलांइतकं झटकन निघत नव्हतं, हे खरं. पण थांबत कोणीच नव्हतं. भिकन आबांनी बिल उलटसुलट करून पाहिलं. "बठ्ठं बराबर शे," म्हणाले, आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडे पळत सुटले. खिडक्या रिकाम्या झाल्या. मी दारात येऊन पाहिलं, तर बाहेर अजून ऊन होतं!

नाना मगनभाऊंकडे वळले. "काय हो, याच पैशात तुमच्यात ती डिस्क, ती मेमरी बसते का?"

मगनभाऊंनी प्रामाणिकपणे मान हलवली. "पेंटियमचेच एवढे जातात, नाना."

"पेंटियम वाईट नाही," मी घाईनं म्हणाले. मला खरंच वाईट वाटत होतं. "पुढे पैसे आले की तोच घेऊ, त्याला साजेसा गाडा जोडून. पण आज आपल्या पैशात, आपल्या संध्याकाळच्या गर्दीला, हे."

या वेळी नासीरभाईंनी वायर गुंडाळली नाही. नाना हसले. "जिल्ह्यातलं पहिलं मशीन गेलं माझं. लिही, पोरी."

"उद्या लिहिते, नाना!" मी चपला पायात सरकवत म्हणाले.

घराच्या गल्लीत मी जवळजवळ पळतच शिरले. सासूबाई तेजलला घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"आज उजेडात वनी?" त्या म्हणाल्या. "मशीन बंद पडनं का?"

"चाललं, आई! चाललं!"

तेजल माझ्याकडे टक लावून बघत होती. मी हात पुढे केले नाहीत; भीती वाटली. खाली, पायरीवर बसले फक्त. ती आजीच्या मांडीवरून घसरत उतरली, पायरीचा अंदाज घेतला, आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. मग तिनं माझ्या कानातला डूल ओढला, जोरात.

"दुखाडशी तिले," सासूबाई नातीला म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.