चिमूटभर रवा आणि सहा बार

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. खरं सांगायचं तर, मित्रांनो, मी जन्मलो तोच जुना. चाळीसेक वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डोंगराळ गावातल्या कारखान्यात मला घडवलं, ते पूर्वीच्या अमेरिकन घोडेस्वारांच्या हत्याराची हुबेहूब नक्कल म्हणून. माझी लाकडी मूठ मुद्दाम काळपट रंगवली, म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या हातात झिजल्यासारखी दिसावी. वजन दोन किलोला जरासं कमी, कॅलिबर चव्वेचाळीस, नळी वीतभर लांब. एवढा थाट घेऊन मी आजवर काय मारलं असेल? कागद. फक्त कागद. आणि एकदा चुकून लाकडाची चौकट.

माझा पहिला मालक नायजेल नावाचा विमा एजंट होता. आठवडाभर तो लोकांच्या गळक्या छपरांचे अर्ज भरायचा आणि रविवारी ब्रिस्टलबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात रुंद काठाची टोपी घालून यायचा. लक्ष्य पंचवीस मीटरवर, त्याचा नेम तेराव्या मीटरवर. पण माझा बार उडाला, वीतभर जाळ निघाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला की त्याचं तोंड असं काही फुलायचं, जणू गावावर आलेलं संकट त्यानं एकट्यानं परतवलं. मोठ्या आवाजानं माणूस मोठा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांची मला तेव्हापासून कीव येते.

मग स्कॉटलंडमधल्या एका शाळेत फार भयंकर गोष्ट घडली. ती मी तुम्हाला सांगणार नाही. त्यानंतर इथल्या सरकारनं जवळजवळ सगळी पिस्तुलं जमा करून घेतली, आणि ते योग्यच केलं. क्लबातले माझे चटपटीत शेजारी पेट्यांमध्ये भरून गेले. मी मात्र राहिलो. कारण प्रत्येक कप्प्यात आधी बंदुकीची दारू, मग मधली जागा भरायला वर काहीतरी भर, मग शिशाची गोळी, असं हातानं भरत बसावं लागतं, आणि सहा बार भरायला चहा निवेल इतका वेळ जातो. इतका मंद मी, की मला कुणी घाबरायचंही कारण उरलं नाही. नायजेल मात्र छाती काढून सांगायचा, की आपला 'खास' म्हणून वाचला.

नायजेल थकला तेव्हा मी डॉक्टर अंशुमनकडे आलो. हा ब्रिस्टलच्या एका इस्पितळात भूल देणारा डॉक्टर. पुण्याहून येऊन सत्तावीस वर्षं झालेली, बायको ऋजुता फार्मसिस्ट, मुलगी मालविका एडिनबरात नोकरीला. दिवसभर ज्याचं काम लोकांना गाढ झोपवण्याचं, त्याला रविवारी एवढा आवाज कशाला हवा, हे मला कधी कळलं नाही. त्याचं त्याला तरी कळलं असेल का, कोण जाणे.

परवाना मिळण्याआधी पोलिसांकडून एक गृहस्थ घरी येऊन गेले. भिंतीत ठोकलेलं पोलादी कपाट त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, किल्ली कुठे असते ते विचारलं, दारू कुठे ठेवता ते पाहिलं. अंशुमननं सगळं असं दाखवलं, जणू प्रॅक्टिकलची परीक्षा चालली आहे. आणि खरोखर, माझी निगा राखण्यात तो कधी चुकला नाही. दर रविवारी साबणाच्या गरम पाण्यानं अंघोळ, मग कोरडं फडकं, मग तेल. तेवढं तरी श्रेय मला त्याला द्यावंच लागेल.

आता ती दारूवरची भर. इंग्लंडातले लोक त्यासाठी रवाच वापरतात. होय, मित्रांनो, आपला रवा. दुकानातून लहान पुडा आणतात, बाटलीत भरतात आणि मापानं ओततात. अंशुमनला हे कळल्यावर तो हरखून गेला. त्यानं स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा उचलला, लग्नात आहेर आलेल्या दोनांपैकी एक, ज्याच्यावर ऋजुताचं नाव कोरलेलं होतं, आणि तो रव्यानं भरून गॅरेजमध्ये ठेवला; दर रविवारी तो माझ्याबरोबर क्लबात यायचा. माप-बिप काही नाही. भाजीत मीठ घालावं तसा चिमटीनं रवा घालायचा. आधी शिशाची गोळी धरायची, मग त्याच काळ्या पडलेल्या बोटांनी डब्यात हात. गोळी, रवा, गोळी, रवा. असं दोन वर्षं. क्लबात गोळीबाराच्या जागेवर, म्हणजे रेंजवर, देखरेख करणारी मार्गरेट, सत्तरीची, काटक बाई, त्याला सांगून थकली होती.

"डॉक्टर, इथून जाताना हात धुवा, आणि त्या डब्यावर काहीतरी लिहा," असं ती तिच्या इंग्रजीत दर महिन्याला म्हणायची.

"येस येस, नेक्स्ट वीक," हा म्हणायचा. ऑपरेशनआधी कोपरापर्यंत हात घासणारा माणूस!

यंदाच्या मे महिन्यात मालविकाला सातवा महिना लागला. ऋजुतानं एडिनबराला जाऊन डोहाळजेवण करायचं ठरवलं. निघायच्या गडबडीत ती गॅरेजमध्ये बॅग शोधायला आली, आणि तिला तिथे आपला डबा दिसला.

"माझे डबे आता गॅरेजमध्ये राहायला लागले का?" असं पुटपुटत तिनं तो उचलला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. गॅरेजमधल्या कपाटातून मी हे ऐकलं. अंशुमन दारातच उभा होता. त्यानंही ऐकलं. पण त्याच वेळी रीडिंग गावाहून त्याचा मित्र अजय फोनवर होता, आणि रविवारी क्लबाच्या पाहुण्यांच्या दिवशी त्याला काय काय दाखवायचं याचं वर्णन रंगात आलं होतं. डबा राहिला ओट्यावर.

ओट्यावर तसाच दुसरा डबा होता. त्यात ऋजुतानं लेकीसाठी तयार उपम्याचं कोरडं मिश्रण केलं होतं: तुपावर भाजलेला रवा, जिरेपूड, हिंग, मीठ, साखर. वर गरम पाणी ओतलं की झालं. तिनं घाईत एक डबा उचलून बॅगेत टाकला. रविवारी सकाळी अंशुमननं उरलेला उचलला.

अजय आला तो नवं कोरं जॅकेट घालून. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस. आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज त्यानं प्रिंटर अडकल्यावर ऐकला असावा. अंशुमननं माझी ओळख करून दिली तेव्हा त्याचा आवाज आपोआप जाड झाला.

"हे बघ अजय, ही toy नाही हां. Proper forty-four. हाताला असा kick बसतो ना, आठवडाभराचा stress एका सेकंदात गायब!"

"यार, एकदम पिक्चरमधल्यासारखं वाटतंय," अजय म्हणाला.

दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मे, म्हणजे वाचायचे चष्मे खिशात. अंशुमननं अजयकडे बघत, बोलत बोलत सहा कप्पे भरले आणि पहिला बार काढला. जाळ, धूर, आणि त्या धुरात खमंग वास! हिंग, जिरं, तूप. शेजारच्या रांगेतला माणूस बंदूक खाली ठेवून हुंगायला लागला. मार्गरेट म्हणाली, "डॉक्टर, हे जे काही घातलंय ते फारच छान आहे." अजय तर पोट धरून हसत होता. तीन बार झाले, आणि तिन्ही नेहमीपेक्षा बरे लागले, हे सांगताना मला लाज वाटते.

मग अंशुमननं खिशातला चष्मा लावला, डब्यात पाहिलं, आणि त्याचं हसणं थांबलं. मी त्याच्या हातातच होतो. दुसऱ्या हातानं त्यानं डब्यातली चिमूट उचलून हुंगली. हा उपम्याचा डबा इथे, म्हणजे शिशाचा डबा एडिनबरात. दुपारी एक वाजता डोहाळजेवण. वीस बायका, त्यांची मुलंबाळं, आणि मालविका. पोटातल्या बाळाला शिशाचा कणही नको, हे त्याला सांगायला दुसऱ्या डॉक्टरची गरज नव्हती.

त्यानं तिथल्या तिथे मला रिकामं करून गाडीकडे धावायला हवं होतं, कारण फोन गाडीत होता. पण अजय म्हणाला, "अरे, थांबलास काय? आता माझी turn!"

आणि मित्रांनो, अंशुमननं घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. तो मनात हिशेब करतो आहे हे मला कळत होतं: एकला अवकाश आहे, पाहुणा एवढ्या लांबून आला आहे, आता काय सांगायचं त्याला, की मी दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यात शिसं कालवलं? त्यानं उरलेले तीन बार काढले. मग अजयसाठी सहा कप्पे पुन्हा भरले. तोच रवा घालून. अजयनं सहाच्या सहा बार कागदाबाहेर घातले आणि प्रत्येक वेळी लहान मुलासारखा ओरडला. सगळी मिळून पंधरा मिनिटं गेली. ती पंधरा मिनिटं मी त्या माणसाला माफ केलेली नाहीत. मीही तेवढा वेळ दणक्यात वाजत होतो, तेव्हा मलाही करू नका.

त्यानंतर त्यानं मला पेटीत घातलं. मला कुठे सोडून जायची कायद्यानं मुभा नाही, म्हणून पेटी मांडीवर घेऊनच तो गाडीत बसला आणि त्यानं फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत होता.

"बोल," ऋजुता म्हणाली. "माझा उपम्याचा डबा तूच ढापलास ना? इथे उघडते तर कच्चा रवा. असू दे, शिरा करायला घेतलाय. मस्त भाजला जातोय."

"ऋजुता, तो रवा वापरू नकोस."

"का?"

"त्याच्यात... किडे झालेत. मी पाहिले होते."

"एवढंच ना? मी चाळूनच घेतलाय. एकही किडा नव्हता."

"अगं, expiry होऊन गेलीय त्याची."

"रव्याला कसली expiry? आणि डब्यावर तुला ती दिसली कुठे?" ती हसली. "अंशुमन, तुझं काय बिनसलंय? दूध घालतेय मी आता, ठेव फोन."

बघा, मित्रांनो! आपल्या घरांत किड्यांच्या नावानं रवा कधी फेकला गेला आहे का? चाळतात, भाजतात, पुन्हा डब्यात भरतात. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर ह्या हुशार माणसाला खोटंसुद्धा सुचलं ते असलं.

"शिसं आहे त्याच्यात!" तो ओरडला. "Lead. मी रेंजवर तोच डबा वापरायचो. गोळ्यांचे हात घालायचो. गॅस बंद कर, प्लीज."

उलथनं थांबलं. मग बटण फिरवल्याचा टक असा आवाज आला.

"कुणी चाखलाय?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नैवेद्य दाखवायचा होता. म्हणून कुणी नाही." मग अगदी सपाट आवाजात, "मालविकाशी बोल. मला नाही बोलायचं तुझ्याशी."

मालविका फोनवर आली. ब्रिस्टलमध्ये जन्मलेली, मराठी थोडं अडखळत बोलणारी. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मी ठीक आहे. काही खाल्ला नाही कोणी. Relax." मग तिनं विचारलं, "तुला कधी कळला हे?"

"आत्ता. आत्ताच डबा उघडला तेव्हा."

"आणि लगेच फोन केला?"

गाडीच्या काचेबाहेर अजय नव्या जॅकेटवरची काजळी झटकत उभा होता. अंशुमननं त्याच्याकडे पाहिलं.

"हो, बाळा," तो म्हणाला. "लगेच."

"थँक यू, बाबा," मालविका म्हणाली. "खरंच, थँक यू."

त्या संध्याकाळी त्यानं मला दोनदा धुतलं, तीनदा पुसलं, कानाकोपऱ्यात तेल घातलं आणि दोन्ही कुलपं लावून पुन्हा एकदा ओढून पाहिली. इतका लखलखीत मी कारखान्यातून निघालो तेव्हाही नव्हतो. मित्रांनो, माझ्या जातीचे आत्मवृत्त सांगणारे शेवटी हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मी नाही म्हणणार. माझी काळजी घेणारे भरपूर आहेत, कायद्यानं ते बांधलेलेच आहेत. तुम्ही त्या मुलीची घ्या. तिच्या बाबाला कुणीतरी समोर बसवून विचारा, की अकरा वीस ते अकरा पस्तीस तू काय करत होतास? मला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून फक्त आवाज निघतो.