कानात बोटं घाल गं

सुरुंग उडाला की ताईच्या छातीत धस्स व्हायचं. नवऱ्यामागे दगडखाणीचं लीज तिच्या नावावर आलं आणि खोदाईचा ठेका धाकट्या भावाने घेतला, तेव्हापासून घरात एक रीतच पडली. खाणीवर भोंगा वाजवण्याआधी तो तिला फोन करायचा, "ताई, कानात बोटं घाल गं." पन्नाशीच्या बाईला! ती हसायची आणि मुकाट्याने घालायची.

मग सेवाकराची नोटीस आली. काढलेल्या दगडावर सरकारला रॉयल्टी भरलीत ना, आता त्या रॉयल्टीवर कर भरा, तोही मागच्या सगळ्या वर्षांचा. दिलेल्या पैशांवर पुन्हा पैसे मागायचे, हे डोकं कुणाचं देव जाणे! नोटीस ताईच्या नावाची, त्यामुळे घरावर जप्ती यायची वेळ आली. तिच्या वकिलाने भावाशी झालेला करार काढला. खाणीवरचे सगळे कर ठेकेदार भरेल, असं त्यात होतं. प्रकरण लवादापुढे गेलं.

"भाऊ म्हणालात, तर करार घरातला, नावापुरता ठरेल," वकिलाने बजावलं. "ठेकेदार म्हणा."

लवादाने समोर बसलेल्या भावाकडे बघत विचारलं, "हे तुमचे कोण?"

"ठेकेदार."

"आणखी काही नातं?"

ताईच्या डोळ्यांपुढे दाराला लागलेलं सील आलं. "नाही," ती म्हणाली.

भावाचा वकील तावातावाने उठला. भावाने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. "त्या म्हणतात ते बरोबर आहे. कर मी भरतो."

घर वाचलं. भावाचं एकुलतं एक पोकलेन, खोदाईचं मशीन, विकलं गेलं. ताई दोनदा त्याच्या दारी जाऊन आली. भावजयीने पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि ते खाणीवर आहेत एवढंच सांगितलं. वाचलेल्या घरात ताईला स्वतःचीच किळस यायची.

ठेक्याचे शेवटचे दिवस भाड्याच्या मशीनवर चालले होते. एका सकाळी फोन वाजला. भावाचं नाव बघून ताईने तो झटकन उचलला.

"बोल रे, राजा!"

"मॅडम, सुरुंग उडवतोय. लीजधारकाला आधी कळवायचं असतं, करारात आहे."

फोन बंद झाला. लांबवर भोंगा वाजला. ताई तशीच बसून राहिली, या खेपेला तिने कानात बोटं घातली नाहीत.